केबलला कोणी विचारलंच नाही : एका सभागृहातल्या वीस मीटर एचडीएमआयचं प्रकरण

दुपारी तीनला फोन आला. "प्रोजेक्टर नवा, केबल नवी, वक्त्यांचा लॅपटॉप नवा, आणि पडद्यावर मिट्ट काळोख. आपल्या ऑफिसातलं ते जुनं डबडं लावलं की मात्र झकास दिसतं. साडेसहाला व्याख्यान आहे. येता का?"

फोनवर वाचनालयाचे कार्यवाह होते, निवृत्त मुख्याध्यापक. सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, वाचनालयाचं स्वतःचं दोनशे खुर्च्यांचं सभागृह. तिथलं साऊंडचं काम मीच केलेलं, त्यामुळे प्रोजेक्टरचं दुखणंही आपोआप माझ्याच दारी आलं. "जुनं चालतं, नवं चालत नाही" हे ऐकल्यावर निम्मं निदान मी गाडी काढतानाच केलं होतं. उरलेल्या निम्म्यासाठी आणखी तीन खेपा माराव्या लागल्या. त्यातली एक निव्वळ माझ्या चुकीपायी.

आधी काय काय झालं होतं

जुना प्रोजेक्टर फुल एचडी होता, सात-आठ वर्षं चालला. तो बिघडल्यावर एका देणगीदारांनी ४के, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांचा, प्रोजेक्टर दिला. जुन्याच जागी टांगला, लॅपटॉपचं चित्र नेणारी जुनीच एचडीएमआय केबल लावली, आणि पहिल्याच कार्यक्रमाला वक्त्यांचा लॅपटॉप जोडल्यावर चित्र आलं नाही. केबल जुनी झाली, असं दुकानदार म्हणाला. म्हणून वीस मीटरची नवी आणली, वेष्टनावर ठळक '४के' छापलेली. तरी तेच. मग तिसरी आणली, अंगठ्याएवढी जाड, सोनेरी टोकांची. पुन्हा तेच. तिन्ही केबलींवर ऑफिसचा जुना लॅपटॉप मात्र बिनतक्रार चालत होता. त्यामुळे गावात सर्वांचं एकमत झालं होतं की हल्लीचे लॅपटॉपच नाजूक.

केबलची वाट मी पावलांनी मोजली. पोडियमपासून प्रोजेक्टर सरळ रेषेत पंचवीसेक फुटांवर. पण केबल पोडियमवरून भिंतीकडे, भिंतीतल्या पाइपातून वर, तुळईला वळसा घालून फॉल सीलिंगच्या वर, मग मध्यावर येऊन खाली, अशी साठ फूट फिरून जाते. उरलेली सीलिंगवर वेटोळं करून ठेवलेली. शिवाय भिंतीवर एचडीएमआयची प्लेट, आणि तिथून पोडियमवर यायला तीन मीटरची वेगळी वायर. म्हणजे वीस नव्हे, तेवीस मीटर, आणि मध्ये एक जोड. तक्रार ऐकताना लोक केबलची लांबी सांगतात, जोड सांगायचे विसरतात. माझ्या अनुभवात एक जोड काढून टाकल्याने जेवढं साधतं, तेवढं कधी कधी केबल बदलूनही साधत नाही.

तीन लॅपटॉप, तीन लक्षणं

पोचलो तेव्हा पावणेपाच वाजले होते. केबलला हात न लावता मी तीन लॅपटॉप एकामागून एक जोडले.

ऑफिसचा, २०१२ च्या सुमाराचा. चित्र स्वच्छ.

माझा, मधल्या काळातला. चित्र आलं, पण त्यावर फोडणीतली मोहरी तडतडावी तसे पांढरे ठिपके उडत होते, आणि अर्ध्या-एक मिनिटाने पडदा दोन सेकंद काळा होऊन परत येत होता.

वक्त्यांचा, नवा कोरा. पडदा काळा. पण लॅपटॉपच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये दुसरा पडदा दिसत होता, तोही प्रोजेक्टरच्या मॉडेलच्या नावानिशी.

हे तिसरं लक्षण सगळ्यांत मोलाचं. "दिसत नाही" या एका तक्रारीत दोन वेगळी दुखणी लपलेली असतात. लॅपटॉपला प्रोजेक्टर लागलाय हेच कळत नाही, हे एक. कळलंय, तरी चित्र पोचत नाही, हे दुसरं. पहिलं असेल तर बारीक, हळू तारांकडे बघायचं. दुसरं असेल तर वेगवान जोड्यांकडे.

एचडीएमआयच्या टोकाला १९ पिना असतात. १ ते १२ या चित्राच्या: तीन जोड्या चित्राचा मजकूर नेणाऱ्या, एक जोडी ठेका धरणारी, आणि प्रत्येक जोडीला तिचं आवरण. १३ पासून पुढच्या हळू: त्यात १५ आणि १६ वर संभाषण चालतं, १८ वर लॅपटॉप पाच व्होल्ट पाठवतो, आणि १९ वर प्रोजेक्टर "मी आलोय" म्हणून हात वर करतो. तो हात दिसला की लॅपटॉप संभाषणाच्या तारांवरून प्रोजेक्टरची कुंडली वाचतो. तिला ईडीआयडी म्हणतात: नाव काय, कुठकुठली रिझोल्युशन चालतात, त्यातलं आवडतं कुठलं.

या कुंडलीत नव्या प्रोजेक्टरने लिहिलेलं होतं, मला ४के, सेकंदाला ६० चित्रं आवडतात. नव्या लॅपटॉपला ते जमत होतं, त्याने तेच पाठवायला सुरुवात केली. गोम इथेच आहे. लॅपटॉपने प्रोजेक्टरला विचारलं, प्रोजेक्टरने लॅपटॉपला सांगितलं. मधल्या तेवीस मीटरच्या केबलला तुला झेपेल का, हे कोणीच विचारलं नाही. डिस्प्लेपोर्टमध्ये दोन्ही टोकं आधी तार तपासून घेतात आणि न जमल्यास वेग उतरवतात. एचडीएमआयमध्ये २.० या आवृत्तीपर्यंत तशी सोयच नाही. २०१७ च्या २.१ मध्ये ती आली, पण ती त्यातल्या नव्या, अधिक वेगवान पद्धतीपुरती. या सभागृहातला मामला जुन्याच पद्धतीचा होता.

आकडे पाहिले की तिन्ही लॅपटॉपचा उलगडा होतो. फुल एचडी ६० ला प्रत्येक जोडीवरून सेकंदाला १.४८५ अब्ज बिट जातात. ४के ३० ला २.९७ अब्ज. ४के ६० ला ५.९४ अब्ज. दर पायरीला बरोब्बर दुप्पट. २०१२ च्या लॅपटॉपला एचडीएमआयवर ४के येतच नाही, म्हणून तो नाइलाजाने पहिल्या पायरीवर थांबला आणि चालला. माझ्या लॅपटॉपचं पोर्ट १.४ च्या पिढीचं, ४के ३० पर्यंतचं; तो दुसऱ्या पायरीवर गेला आणि अडखळला. वक्त्यांचा थेट तिसरीवर चढला आणि कोसळला. त्याउलट संभाषणाच्या तारा सेकंदाला लाखभर ठोक्यांच्या चालीने चालतात, म्हणजे तिसऱ्या पायरीच्या साठ हजाराव्या हिश्श्याने. त्यांना तेवीस मीटर म्हणजे किरकोळ. म्हणून नाव पोचत होतं, चित्र पोचत नव्हतं.

तांब्याच्या तारेत वेग वाढला की प्रवाह तारेच्या पृष्ठभागाकडे सरकतो, भोवतीचं प्लॅस्टिकही ऊर्जा गिळतं, आणि पलीकडे एकेक बिट पुढच्या बिटावर सांडतो. विजापूरच्या गोल घुमटात सावकाश बोललं तर कळतं, भरभर बोललं तर स्वतःचेच शब्द एकमेकांत मिसळतात, तसं. प्रोजेक्टरमधली चिप हा गोंधळ बराचसा निस्तरते, पण एका मर्यादेपर्यंतच. डिजिटल म्हणजे एकतर दिसतं नाहीतर दिसत नाही, असं लोक म्हणतात. ते बहुतांशी खरं आहे. मधे एक अरुंद पट्टा असतो, आणि मोहरी तडतडते ती त्या पट्ट्यात. ठिपके दिसले की समजावं, केबल अजून मेलेली नाही, फक्त तिच्या कुवतीबाहेर चाललोय.

केबलवर छापलेल्या '४के' ला मी फारसं मानत नाही. दोन मीटरला ते खरं असतं, वीस मीटरला तेच अक्षर तेवढ्याच आत्मविश्वासाने छापलेलं असतं. चाचणी पास झालेल्या केबलीच्या पाकिटावर स्कॅन करता येणारं लेबल असतं. साध्या तांब्याच्या वीस मीटर केबलवर ते मी आजवर पाहिलेलं नाही.

"रिझोल्युशन कमी करून पाहिलं हो"

रिझोल्युशन उतरवा, असा उपाय मी सांगितला तेव्हा कार्यवाह सर थोडे नाराजच झाले. "ते आम्ही कालच करून पाहिलं. फुल एचडी, १९२० बाय १०८० केलं. काही फरक नाही."

ते खोटं बोलत नव्हते. विंडोजमध्ये हा एक छुपा खड्डा आहे. सेटिंगमध्ये आपण जे रिझोल्युशन बदलतो ते डेस्कटॉपचं. तारेवरून जाणारा सिग्नल त्याच मापाचा असेल असं नाही; ग्राफिक्स कार्ड छोटं चित्र ताणून ४केच्याच साच्यात भरून पाठवू शकतं. ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये दोन ओळी शेजारी दिसतात, डेस्कटॉप मोड आणि ॲक्टिव्ह सिग्नल मोड. वक्त्यांच्या लॅपटॉपवर पहिलीत १९२० बाय १०८० होतं आणि दुसरीत ३८४० बाय २१६०, ६० हर्ट्झ, म्हणजे ४के ६०. केबलच्या दृष्टीने काल काहीच बदललं नव्हतं.

तिथूनच डिस्प्ले ॲडॉप्टर प्रॉपर्टीज उघडून, 'लिस्ट ऑल मोड्स' मधून १९२० बाय १०८०, ६० हर्ट्झ हा मोड निवडला. पडदा एकदा लुकलुकला आणि वक्त्यांची पहिली स्लाइड लख्ख उभी राहिली. सव्वापाच वाजले होते. तीन केबलींचे पैसे गेले ते गेलेच. व्याख्यान वेळेवर सुरू झालं.

पण दर वक्त्याच्या लॅपटॉपवर ही सर्कस करणार कोण? पुढच्या खेपेला मी ईडीआयडी एम्युलेटर नावाचा बोटभर ठोकळा नेला. तो पोडियमकडच्या टोकाला बसतो आणि प्रोजेक्टरची खरी कुंडली झाकून आपली साठवलेली कुंडली लॅपटॉपला दाखवतो. त्यात लिहिलेलं: मला फक्त १०८०. कुठलाही लॅपटॉप लावा, तो मुकाट्याने पहिल्या पायरीवर राहतो. मला विचाराल तर प्रकरण तिथेच मिटलं होतं.

याचा हिशेबही मी कागदावर मांडून दाखवला. पडदा दहा फूट रुंद. १९२० ने भागलं तर एक ठिपका साधारण १.६ मिलिमीटरचा. निरोगी डोळ्याला एक कलेपेक्षा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागापेक्षा बारीक वेगळं करता येत नाही. त्या हिशेबाने साडेपाच मीटरच्या, म्हणजे अठरा फुटांच्या पलीकडे बसलेल्या माणसाला फुल एचडीचेही ठिपके सुटे दिसत नाहीत. सभागृहातली पहिली रांगच पडद्यापासून वीस फुटांवर आहे. ४के दाखवायचं तर खुर्च्या स्टेजवर मांडाव्या लागतील.

कार्यवाह सरांना ते पटलं. समितीला नाही. देणगीदारांच्या नावाची पाटी प्रोजेक्टरवर लागलेली, त्यावर ४के लिहिलेलं, आणि रविवारच्या चित्रपट मंडळातल्या तरुणांचा आग्रह वेगळाच. "दिलेल्या वस्तूचा मान राहिला पाहिजे," असं अध्यक्ष म्हणाले. हा युक्तिवाद तांत्रिक नसला तरी खोडून काढता येत नाही.

उलटी केबल

तेवीस मीटरवर ४के ६० न्यायला दोन रस्ते होते. एक, एचडीबेसटी: दोन टोकांना दोन डबे, मध्ये नेटवर्कची कॅट-६ वर्गातली केबल. चाळीस-पन्नास मीटरच्या हॉलमध्ये मी तेच करतो. पण त्याची २.० पर्यंतची पिढी ४के ६० पूर्ण रंगासकट नेत नाही, आणि डबे, ॲडॉप्टर वाढले की तक्रारींच्या जागाही वाढतात. शिवाय बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या केबली कॅट-६ म्हणून सर्रास खपतात. हातात हलकी लागली तर ब्लेडने तार खरवडून बघावी. आतून चंदेरी निघाली तर परत करावी.

दुसरा रस्ता ऑप्टिकल एचडीएमआयचा. त्यात चित्राच्या चार जोड्यांऐवजी काचेचे चार तंतू असतात, हळू तारा तांब्याच्याच राहतात, आणि दोन्ही टोकांच्या कनेक्टरमध्ये बारीक चिपा असतात. हाच घेतला. भिंतीवरची प्लेट काढून टाकून केबल थेट पोडियमपर्यंत आणायची ठरली, म्हणजे जोडच नको.

वायरमनदादांनी कसबाने काम केलं. वळणावर कुठेही घडी पडू दिली नाही. काचेला तीच एक गोष्ट सोसत नाही. संध्याकाळपर्यंत स्प्रिंग घालून सगळी केबल ओढून झाली. लॅपटॉप जोडला. प्रोजेक्टरचं नाव आलं. पडदा काळा.

पाच मिनिटं मी नुसता उभा राहिलो. तेच लक्षण, आणि या खेपेला तांब्याचा दोष म्हणायची सोय नाही. जुना लॅपटॉप लावला. तोही काळा! तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तांबं दोन्हीकडून वाहतं, काच नाही. एका टोकाला लेझर, दुसऱ्या टोकाला तो पकडणारा डोळा. एका टोकावर 'सोर्स' आणि दुसऱ्यावर 'डिस्प्ले' असं लिहिलेलं असतं, पण ओढताना टोक खराब होऊ नये म्हणून मी स्वतःच त्यावर चिकटपट्टी गुंडाळली होती आणि अक्षरं तिच्याखाली गेली होती. केबल उलटी ओढली गेली होती. हळू तारा तांब्याच्या, त्या कशाही चालतात, म्हणून नाव येत होतं. लेझर मात्र प्रोजेक्टरच्या टोकाला, लॅपटॉपकडे तोंड करून बसला होता.

वायरमनदादा काही बोलले नाहीत. नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि शिडी परत लावली. ओढण्याआधी केबल जमिनीवर पसरून दोन्ही टोकांना एकदा जोडून पाहायची, एवढं मी केलं नव्हतं. वीस वर्षं दुसऱ्यांना सांगत आलेली गोष्ट.

दुसऱ्या दिवशी सरळ बाजूने ओढल्यावर ४के ६० पहिल्याच झटक्याला आलं.

शंभर व्होल्ट

एक गोष्ट मला पहिल्या दिवसापासून खटकत होती. कार्यवाह सर बोलता बोलता म्हणाले होते की मागच्या दोन वर्षांत दोन पाहुण्यांच्या लॅपटॉपची एचडीएमआय पोर्टं इथे गेली. आणि पोडियमवर चार्जर लावलेल्या लॅपटॉपच्या धातूच्या कडेवरून बोट फिरवलं की मुंग्या येत होत्या.

वायरमनदादांनी मल्टिमीटर लावला. लॅपटॉपचं अंग आणि प्रोजेक्टरचं अंग यांच्यात शंभराच्या आसपास व्होल्ट. पोडियमचा सॉकेट तीन पिनांचा, पण आत अर्थिंगची तार जोडलेलीच नाही! अर्थिंग नसली की चार्जरमधले गाळणीचे कपॅसिटर लॅपटॉपचं अंग २३० च्या साधारण निम्म्यावर लटकवत ठेवतात. त्यातून वाहणारा प्रवाह अगदी थोडा, माणसाला फक्त मुंग्या आणणारा. पण एचडीएमआय खोचताना टोकाच्या धातूच्या आवरणाआधी एखादी पिन टेकली तर तो पिनेतून जातो, आणि त्या पिनेमागची चिप काही व्होल्टांची. ती दोन पोर्टं यानेच गेली असं मी छातीठोकपणे सांगणार नाही, संशय मात्र दाट आहे. मुख्य बोर्डापासून अर्थिंगची तार ओढली, मीटरचा काटा एक-दोन व्होल्टवर आला. सगळ्या खटपटीतलं हे सर्वांत स्वस्त काम, आणि मला विचाराल तर सर्वांत गरजेचं.

टाइप-सीवाले पाहुणे

महिन्याभराने पुन्हा फोन. एका वक्त्यांचा पातळ लॅपटॉप, त्याला फक्त टाइप-सी, त्यांनी सोबत आणलेला ॲडॉप्टर. चित्र येई, जाई, येई. ऑप्टिकल केबलच्या चिपांना वीज लागते आणि ती त्या १८ नंबरच्या पिनेवरून येते. नियमाप्रमाणे लॅपटॉपने तिथे किमान ५५ मिलिअँपिअर द्यायचे असतात. बरेच लॅपटॉप त्याहून जास्त देतात, काही ॲडॉप्टर जेमतेम तेवढेच. साधी तांब्याची केबल असती तर हे कधी लक्षातही आलं नसतं. पोडियमच्या टोकाला एक छोटा जोड बसवला, त्याला यूएसबीची शेपटी असते. ती मोबाइलच्या चार्जरला लावली की केबलला बाहेरून पाच व्होल्ट मिळतात. जोड नकोत म्हणून प्लेट काढली आणि शेवटी एक जोड परत आलाच. पण तो केबलच्या तोंडाशी, लॅपटॉपलगत आहे, म्हणून चालून गेला. वाचनालयाने आता आपला एक ॲडॉप्टरही ठेवलाय, पोडियमला साखळीने बांधून, टपालखात्यातल्या पेनासारखा.

जुनी जाड तांब्याची केबल पाइपातच राहू दिली आहे. तिच्या टोकाला तो बोटभर ठोकळा, आणि पोडियमवर कार्यवाह सरांच्या सुवाच्य अक्षरात चिठ्ठी: 'चित्र न आल्यास ही लावावी.' चौकशी केली तेव्हा कळलं, निम्मे वक्ते हीच लावतात.

एक दुखणं अजून पुरतं गेलेलं नाही. इमारतीच्या टाकीत पाणी चढवणारी मोटर सुरू झाली की कधी कधी पडदा दोन सेकंद काळा होतो, मग परत येतो. चित्र काचेतून जात असलं तरी तो १९ नंबरचा वर केलेला हात अजून तांब्याच्याच तारेवर आहे. स्टार्टरच्या धक्क्याने तो क्षणभर खाली येत असावा आणि सगळं संभाषण पहिल्यापासून सुरू होत असावं. मोटरची लाइन वेगळी काढायचा खर्च पुढच्या सभेत मांडणार आहेत. तोवर व्याख्यान सुरू असेपर्यंत शिपाईमामा मोटर लावत नाहीत.